पाहणाऱ्याच्या जाहिराती

पहिल्या ठिकाणी ब्लॉग फुकट होता, पण जाहिराती लावता येत नव्हत्या. दुसऱ्या ठिकाणी जाहिराती चालत होत्या, पण आपला कोड घालायची सोय नव्हती. ग्लेननं दोन्ही बंद केले आणि तिसरा प्लॅटफॉर्म उघडला.

"हा घे, आत्या. एकदम सोपा. तू फक्त लिहायचं, आतला कोड मी बघतो."

"कोड कशाला पण?" जुलियानानं विचारलं.

"त्याशिवाय पान नीट दिसत नाही. जाहिरातीही त्यातूनच येतात."

ग्लेन तिच्या वारलेल्या भावाचा मुलगा. वसईत त्याचं कॉम्प्युटरचं छोटं दुकान होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून जुलियानाला होळी गावातल्या आपल्या वाडीबद्दल लिहायचं होतं. केळी, तोंडलीचे मांडव, वडिलांनी खणलेलं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, आणि त्याचं गोड पाणी. वाडी वडिलांनी तिच्याच नावावर केली होती.

तिच्याकडे साधा बटणांचा फोन. म्हणून घरी ती नवऱ्याच्या, निकोलसच्या, लॅपटॉपवर लिहू लागली. दहा लेख होईपर्यंत ब्लॉग कुणालाच दाखवायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी तोंडलीच्या लेखाशेजारी एक जाहिरात दिसली. 'पत्नीच्या नावावरची जमीन पतीच्या नावावर कशी कराल? मोफत सल्ला.' तिला हसूच आलं.

पुढच्या दिवशी जोडीदाराचा आयुर्विमा. मग झोपेच्या गोळ्या, चिठ्ठीशिवाय घरपोच. शुक्रवारी शवपेट्या.

शुक्रवारी तिला हसू आलं नाही. ती तडक ग्लेनच्या दुकानात गेली. त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर तोच ब्लॉग उघडला. तिथे बूट होते आणि क्रिकेटच्या बॅटी.

"जाहिराती लेख बघून येत नाहीत, आत्या," तो म्हणाला. "त्या कॉम्प्युटरवर माणूस जे शोधतो, तेच त्याला पुन्हा पुन्हा दिसतं."

"पण मी असलं काही शोधलंच नाही."

ग्लेननं खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"लॅपटॉप अंकलचा आहे ना?" त्यानं हळूच विचारलं. "मी काही म्हणत नाही. फक्त त्यांना विचारू नकोस."

एकतीस वर्षांच्या संसारात निकोलसनं कधी आवाज चढवला नव्हता. आता तिला त्याच्या शांतपणाचीच भीती वाटू लागली. सकाळी त्यानं दिलेला चहा ती तो पाठमोरा होताच बेसिनमध्ये ओतू लागली.

"जुली, वाडीचे कागद कुठे ठेवलेस?" त्यानं रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आल्यावर विचारलं.

"का?"

"कपाटाला वाळवी लागलीय. काढून वर ठेवतो."

"राहू देत. मी ठेवीन."

त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तोंड किती उतरलंय तुझं. झोप लागत नाही ना? डॉक्टरांकडून एखादी गोळी आणू?"

तिच्या हातातली बशी फरशीवर पडून फुटली. तुकडे वेचायला तो खाली वाकला. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"वाडी तुझ्या नावावर आहे तोवर तुला धोका आहे," संध्याकाळी दुकानात ग्लेन म्हणाला. "नावच काढून टाक. सगळं निवळलं की मी परत तुझ्या नावावर करून देतो."

सोमवारी दुपारी वसईच्या नोंदणी कार्यालयात तिनं ग्लेनच्या नावे बक्षीसपत्रावर सही केली.

"स्वखुशीनं देताय ना?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"हो," जुलियाना म्हणाली. ती अंगठा टेकवत असताना ग्लेननं तिचा हात अलगद धरला.

तिथून ती परस्पर विरारला, प्रिस्काकडे गेली. दोघींनी वीस वर्षं एकाच शाळेत शिकवलं होतं. प्रिस्कानं काही न विचारता पाणी पुढे केलं. पिशवीत फोन वाजत होता. निकोलस. पुन्हा निकोलस. अकराव्यांदा वाजला तेव्हा तिनं तो बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता छातीवरचं ओझं उतरलं. वाडी सुरक्षित होती. आपण जिवंत होतो.

"कसला ब्लॉग ते दाखव तरी," प्रिस्का म्हणाली. ती आतून एक खोकं घेऊन आली. "मुलीनं कालच नवा फोन पाठवलाय. मी अजून फोडलासुद्धा नाही."

तिनं वरचं प्लास्टिक काढलं, फोन सुरू केला, घरचं वायफाय जोडलं. जुलियानानं एकेक अक्षर जपून टाइप करत ब्लॉगचा पत्ता घातला.

आधी केळीची बाग आली. मग तिच्या शेजारी, एकाखाली एक, आयुर्विमा, झोपेच्या गोळ्या आणि शवपेट्या.