ठकीचा नंबर

"हरलास तर ताईचा गाऊन घालून अख्खी गल्ली झाडायची," किल्लीवाला म्हणाला.

"आणि तू हरलास तर?"

"तर बायकोचा गाऊन घालून मी झाडीन. पण ती वेळ यायची नाही."

जिन्याखाली जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या आणि पैज पक्की झाली. रविवारी सकाळी, सगळ्यांच्या देखत, मामा ठकीकडून तिचं नाव, आईचं नाव आणि आईचा फोन नंबर वदवून घेणार होता.

ठकी ही त्याची भाची. सहा वर्षांची झाली तरी बोलणं दोन शब्दांचं, फार तर तीन. मागे बाजारात हरवली तेव्हा दुपारभर एका दुकानात बसून राहिली, कारण 'तू कोणाची गं' याला तिच्याकडे उत्तरच नव्हतं. तेव्हापासून ताईने तिला खालच्या झोपाळ्यावरही सोडलं नव्हतं. नंबर येईस्तोवर नाही म्हणजे नाही. ठकी गॅलरीच्या गजांना नाक लावून इतर पोरांचे झोके बघत बसायची. मामाला ते बघवत नसे.

मामा नळदुरुस्तीवाला. कुठलाही नळ कुठे गळतो ते त्याला आवाजावरून कळायचं. इथे मात्र कितीही पिळा, थेंब पडत नव्हता.

बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. त्यांनी फ्रिजच्या दारावर दोन चित्रं चिकटवली होती, एक हिरव्या कागदावर, वर्दीतल्या बाईंचं, एक लाल. त्या समजावत होत्या तेव्हा मामा सिंकखालच्या पाइपात डोकं घालून होता, त्यामुळे अर्धंमुर्धंच कानावर पडलं. लाल कागदावरच्या माणसाची टोपी मात्र त्याला भारी आवडली. तसलीच त्याने जुन्या बाजारातून आणली. वर काळा चष्मा, आणि डिंकाने चिकटवायच्या मिशा.

हे काय सोंग, असं ताईने विचारलं. मामाने तिला समजावलं, की मला तर सगळं माहीतच आहे, मग ती मला कशाला सांगेल? विचारणारा बाहेरचा हवा.

"आता मी मामा नाही हं," टोपी चढवून तो म्हणायचा. "मी अनोळखी काका. बोल, नाव काय तुझं?"

ठकी ओठ घट्ट मिटून घ्यायची.

त्याने बिस्किट पुढे केलं. बिस्किटासाठी जीव टाकणारी पोरगी, तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. त्याने आवाज बदलून पाहिला, नंबराला चाल लावून पाहिली. शेवटी, चल तुला झोपाळ्यावर नेतो, फक्त नंबर सांग, असं म्हणाला, तर ती टेबलाखाली जाऊन बसली. ताई म्हणायची, रात्री माझ्यापाशी पुटपुटते थोडंफार. मामाला वाटायचं, आईचं मन, दुसरं काय. खालून जाता येता किल्लीवाला गाऊनचं माप विचारायचा.

शनिवारी मामाच्या संयमाचा बांध फुटला.

"एवढं भिंतीला शिकवलं असतं तर तिलाही नंबर पाठ झाला असता," म्हणत त्याने टोपी भिरकावली.

ठकीने ती उचलली, झटकली आणि गंभीरपणे परत त्याच्या डोक्यावर ठेवली.

रविवारी सगळी गल्ली जमली. ताई वर गॅलरीत, हातात फोन धरून. टोपी, चष्मा, मिशा लावून मामाने विचारलं. लाडाने विचारलं, दरडावून विचारलं, हात जोडून विचारलं. ठकी आपल्या चपलांकडे बघत उभी राहिली. ताई आत निघून गेली. मामाला पैजेपेक्षा तेच जास्त लागलं.

किल्लीवाल्याने मिशासुद्धा काढू दिल्या नाहीत. वरूनच फुलाफुलांचा गाऊन चढवून मामा एका हाताने गल्ली झाडू लागला. दुसऱ्या हातात ठकीचं मनगट, कारण ती सारखी झोपाळ्याकडे ओढत होती. सगळ्यांचे मोबाइल वर झाले.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक हवालदारबाई आल्या. ध्यान बघून थांबल्या.

"ही मुलगी कोणाची?"

"भाची आहे माझी."

त्या ठकीपुढे वाकल्या. "नाव काय बाळा?"

"कशाला घसा कोरडा करताय, बाई," मामा वैतागून म्हणाला. "आठवडाभर डोकं फोडतोय. ती बोलत नाही."

ठकीने बाईंच्या खांद्यावरची पट्टी पाहिली, पट्ट्याचं बक्कल पाहिलं.

"हिरवं," ती म्हणाली.

मग तिने नाव सांगितलं, आडनावासकट. आईचं सांगितलं. आणि नंबर, एकेक आकडा सुटा करून, न चुकता.

मामाच्या हातून झाडू गळून पडला. त्याचे डोळे भरून आले, एक मिशी लोंबू लागली.

"शाब्बास. आणि हे कोण?"

"लाल," ठकी म्हणाली. "अनोळखी काका."

बाईंची नजर किल्लीवाल्याकडे गेली. त्याने मामाला नखशिखांत न्याहाळलं आणि मान हलवली. नाही, या गल्लीत कधी पाहिला नाही.

बाईंनी नंबर लावला. वर फोन वाजला. ताई धावत गॅलरीत आली आणि फोन कानाला लावून ऐकत राहिली. मग रडत रडतच हसायला लागली.

"हो, मुलगी माझीच. तिला तेवढं झोपाळ्यावर सोडा," ती म्हणाली. "गाऊनही माझाच आहे. आतला माणूस काही ओळखीचा वाटत नाही."