डोंगरापलीकडचा पाऊस

"बाबा, तुमचा आकडा बरोबर होता!" मुलगी दारातूनच ओरडली. ओली छत्री मिटायचंही तिला भान नव्हतं.

बाबा खिडकीपाशी बसून मटार सोलत होते. "कुठला आकडा?" त्यांनी विचारलं. पण हात थांबला होता.

"एकशे बारा मिलिमीटर."

एकतीस वर्षांत हा आकडा त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. आई असेपर्यंत नाही, आणि ती गेल्यावरही नाही.

तेव्हा ते दोन नद्यांमधल्या डोंगरमाथ्यावर राहायचे. शेजार असा नव्हताच. बाबा पाऊस मोजायचे, तीच त्यांची नोकरी. रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या नळकांड्यातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. मुलगी शाळेचे कपडे घालून पायरीवर बसायची आणि आधीच आकडा सांगायची. बरोबर आला तर मोजपात्र धुवायला मिळायचं. पुढं ती मोठ्या हुद्द्यावर गेली, पण तसं सुख पुन्हा काही मिळालं नाही.

त्या वर्षी पावसाळा सरून महिना उलटला होता. एका सकाळी खोऱ्यातल्या बाकी अकरा केंद्रांवर शून्य आणि यांच्या वहीत एकशे बारा. साहेबांनी शेरा मारला, 'नोंद मनानेच केलेली.' बाबांनी हूं की चूं केलं नाही. आठ दिवसांत त्यांची गोदामावर बदली झाली आणि डोंगरावरचं घर सुटलं. नव्या शाळेत पोरं तिला 'कोरडा पाऊस' म्हणून चिडवायची. आई तर त्यानंतर पावसाचं नावच काढेनाशी झाली.

मुलीनं मटार बाजूला सारून नकाशा पसरला. यंदा पहिल्यांदाच दोन्ही खोऱ्यांच्या पावसाची जुनी दप्तरं तिच्या कार्यालयात एकत्र आली होती.

"हे बघा. आपल्या नदीचा पाऊस संपतो तेव्हा पलीकडच्या नदीचा सुरू होतो. एरवी ते ढग डोंगरापलीकडेच रिकामे होतात. त्या दिवशी माथ्यापर्यंत चढले. पलीकडच्या तिन्ही केंद्रांवर तीच तारीख आहे. एकशे आठ, एकशे वीस, पंच्याण्णव. तुम्ही खरं तेच लिहिलं होतं, बाबा!"

बाबांनी त्या तीन आकड्यांवरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.

"मी तिथं नव्हतोच गं," ते म्हणाले. "तुला आठवत नसेल, तुझी दाढ ठणकत होती. रजा न टाकताच तुला घेऊन खाली गावात गेलो होतो. तीन दिवसांनी परतलो. आकडा तुझ्या आईनं मोजला, तिनंच लिहिला."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? आलो तेव्हा अंगण ठणठणीत कोरडं. ती देवाशपथ सांगत होती, धो धो कोसळला म्हणून." त्यांनी मटार पुन्हा पुढं ओढले. "साहेबांच्या आधी मीच तिला खोटारडी म्हणालो होतो."