गवं दावायचा पहिला दिवस

ऐका तर, बेळगुंदीचा भरमू रानातल्या रिसॉर्टवर गाईड म्हणून लागला की रं! काम काय, तर पावण्यांना गवं दावायचं. टिळकवाडीच्या विनोदिनीबाई तिथं तिसऱ्या खेपेला आलत्या, अजून एक गवा बघितला नव्हता. मॅनेजर भरमूला म्हणाला, "आज बाईंना गवं दिसलं तर तुझी नोकरी पक्की."

सांजच्याला व्हरांड्यात चहा चाललाय, आणि खरंच समोरच्या झाडीतनं पाच गवं बाहेर आलं. लई दांडगं! बाई श्वास रोखून बसल्या. भरमूनं मात्र मोकळा ट्रे उचलला, कठड्याच्या गजावर धडाधडा बडवला आणि बोंबलला, "हुर्र्र! हाऽऽ! हाऽऽ!" वीस वर्षं भात राखलेला हात त्यो, त्याला नोकरी काय ठावं? गवं शेपट्या वर करून खाली बेळगुंदीच्या शिवाराकडं पळालं.

बाई बघतच राहिल्या. "अहो, तुम्हाला गवे दाखवायला ठेवलंय ना?"

"व्हय की वो बाई." भरमूचं तोंड एवढंसं झालं. "सवय वाईट."

मॅनेजर तावातावानं यायलाच लागलाय, तवर भरमूचा फोन वाजला. बायको, मंगल. "अवो, गवं आपल्या भातात शिरल्यात! काय करू?"

भरमूनं बाईंकडं बघितलं. "बाई, जीपमधी बसा बघू पटकन."

मग फोनवर हळूच म्हणाला, "खाऊ देत गं थोडं. पावणं घिऊन यायलोय."