पाहुण्यांसाठी थांबलेली शर्यत

"हे धर, वृंदा. आमदार येतीलच," म्हणत श्रीरंगने औक्षणाचं तबक माझ्या हातात कोंबलं.

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची ही पहिली शर्यत. पोलिसांच्या परवानगीपासून पाण्याच्या टेबलांपर्यंत सगळं तीन महिने मी एकटीने पाहिलं. श्रीरंग संघाचा अध्यक्ष. त्याने पाहुणा तेवढा ठरवला. सहाची वेळ दिलेली, साडेआठ झाले तरी दोनशे जण उन्हात ताटकळत होते. सगळ्यांत पुढे आमचे खेळाचे कर्णिक सर, वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात तीच जुनी शिट्टी.

"सरांसाठी तरी सुरू कर रे!"

"ओवाळल्याशिवाय? आणि तुला कुठे धावायचंय? कॉलेजच्या शर्यतींतही तू सरबतच वाटायचीस की!"

माझं डोकं सणकलं. तेव्हा मुलींना धावूच देत नव्हते, म्हणून वाटायचे.

तबक मी त्याच्याच हातात ठेवलं, साडीचा पदर कमरेला खोचला आणि ओरडले, "सर, शिट्टी!"

सरांनी ती अशी फुंकली की अख्खा रस्ता धावत सुटला.

पहिल्या वळणावर मी मागे पाहिलं. आमदारांची गाडी आली होती. मोकळ्या रस्त्यावर श्रीरंग त्यांना एकटाच ओवाळत होता.