राहतं घर

“कोणाकडे जायचंय?” फाटकावरच्या वॉचमनने त्याला अडवलं.

“घरी. बी चौदा.”

“ते कळलं हो. पण कोणाकडे?”

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारागिराने पुन्हा घराचा नंबरच सांगितला. वसाहतीत राहायला येऊन त्याला तीन वर्षं झाली होती, पण दिवसाउजेडी या फाटकातून आत येण्याची ही पहिलीच वेळ. पहाटे अंधारात पहिली बस, रात्री शेवटची. रविवारी तो दुसऱ्या एका दुकानात जायचा. त्याची बायको एरवी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची, आणि रविवारी घरोघरी फिरून तेच करायची. रात्रपाळीचा वॉचमन दोघांना चांगला ओळखत होता. दिवसपाळीच्या या माणसाने मात्र त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

वॉचमनने वर घरी फोन लावला. “मॅडम, एक गृहस्थ आलेत. घर आपलंच आहे म्हणतात. सोडू का?” मग फोन ठेवून तो म्हणाला, “जा. मॅडम सोडा म्हणाल्या.”

मॅडम म्हणजे त्यांच्याकडे दिवसभर कामाला असलेल्या मावशी.

वसाहतीचा नियमच होता, घर राहतं दिसलं पाहिजे. दिवसा पडदे उघडे हवेत, बाल्कनीतल्या कुंड्या हिरव्यागार हव्यात, काचांवर धूळ नको. नाहीतर दंड. आता घराचे हप्ते फेडायचे तर दोघांनी बाहेर राबायला हवं, आणि दोघं बाहेर राबले की घराला कुलूप. मग घर राहतं दिसावं म्हणून मावशी ठेवल्या, आणि मावशींचा पगार निघावा म्हणून रविवार गेला. नाकापेक्षा मोती जड झाला होता. पण मोती दिसायला झोकदार होता, आणि नातेवाइकांना त्याचा फोटो पाठवता येत होता.

त्यात या महिन्यात वसाहतीने कारंज्याला रंगीत दिवे बसवले आणि मेंटेनन्स वाढवला. कारंजं रोज सहा ते सात चालतं, हे दोघांना नोटीस वाचूनच कळलं. काल बसमध्ये उभ्याउभ्याच त्यांनी ठरवलं, मावशींना काढायचं. पडदे उघडे ठेवून जाऊ, कुंड्यांत प्लास्टिकची झाडं लावू. “पण सांगायचं तूच,” बायको म्हणाली. “माझ्याच्यानं व्हायचं नाही.” आज वर्कशॉपमधलं यंत्र बंद पडलं आणि सगळ्यांना दुपारीच सुट्टी मिळाली. बोलायला ही वेळ बरी, म्हणून तो आला होता. वाटेत वाक्यही घोकून ठेवलं होतं.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि तो थबकला. खोलीभर ऊन पसरलं होतं.

“दादा, बरं नाही का?” मावशींनी घाबरून विचारलं.

“बरं आहे. यंत्र बंद पडलं.”

“मग बसा की. तिथं नको, तिथं डोळ्यांवर ऊन येतं. इकडे या.”

तो खुर्चीच्या कडेवर बसला, परक्या घरी बसावं तसा. समोरच्या सोफ्याकडे बघत राहिला.

“हा हिरवा आहे?”

“हिरवाच की. तुम्हीच घेतलात ना?”

“रात्री करडा दिसतो,” तो म्हणाला.

मावशी चहा टाकायला आत गेल्या. त्याने घसा खाकरला. “मावशी, एक सांगायचं होतं.” एवढ्यात समोरच्या घरातल्या आजी बेल न वाजवताच आत आल्या. हातात विणकामाची पिशवी. कुणाला काही न विचारता त्या बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसल्या, ही खुर्ची आपलीच असल्यासारख्या.

“अगं, येतेस का? बदकीणबाईंनी आज पिल्लं बाहेर काढलीत बघ. पाच आहेत.”

मावशी चहाचे तीन कप घेऊन लगबगीने बाहेर आल्या. तोही त्यांच्यामागून गेला. खाली तळं होतं, हे त्याला घर घेतानाच्या माहितीपत्रकावरून ठाऊक होतं. त्यात बदकं आहेत हे मात्र आज कळलं. दोघी रेलून बघत होत्या. सगळ्यांत मोठं पिल्लू कुठलं, मागे राहणारं कुठलं, यावर त्यांचा वाद चालला होता. कुंडीतल्या पिकल्या पानांकडे मावशींचा हात बोलता बोलता आपोआप जात होता.

म्हणजे या घरात कुणीतरी खरंच राहत होतं. मावशी गेल्या तर उद्या आजी येतील, बंद दारावर बेल वाजवतील आणि परत जातील. त्याने घोकलेलं वाक्य चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. बायकोला काय सांगायचं ते बसमध्ये बघता येईल. रात्री घरी आणून करण्याजोगं आणखी एखादं काम धरावं लागेल, एवढंच.

आजींचं लक्ष आता त्याच्याकडे गेलं. “हे कोण गं?”

मावशी गोंधळल्या. त्या आजींशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या. घर कोणाचं, हे आजींनी कधी विचारलंच नव्हतं.

“हे... रात्री असतात इथे. झोपायला.”

“अस्सं.” आजींनी टाके मोजता मोजता मान डोलावली. “बरं केलंस. एकट्या बाईला रात्रीचं घर राखायला कुणीतरी हवंच. काय देतेस यांना महिन्याला?”

मावशींचा चेहरा गोरामोरा झाला. त्या काही बोलणार, तोच त्याने कप खाली ठेवला.

“त्या काही देत नाहीत, आजी,” तो म्हणाला. “मीच देतो. पुढच्या महिन्यापासून थोडं जास्त.”