नेहमीचे पत्ते

नवी गाडी बुक करताना साहेबांनी हिरामणला विचारलं, "गाडीतच बसवलेलं नेव्हिगेशन घ्यावं का रे? पैसे जास्त लागतात."

तळवलीचा हिरामण अकरा वर्षं त्यांचा ड्रायव्हर. तो भाबडेपणाने म्हणाला, "घ्या साहेब, कामाला येईल."

गाडी आली त्याच दिवशी साहेब म्हणाले, "मॅडम गाडी शिकल्यात. रस्ता आता स्क्रीनच सांगेल, उद्यापासून तू येऊ नकोस. जाण्याआधी आपले नेहमीचे पत्ते तेवढे भरून ठेव."

चहासुद्धा विचारला नाही.

हिरामण गाडीत बसला. घर भरलं, तुर्भ्याचा कारखाना भरला, कळंबोलीचं गोदाम भरलं.



मग आजवर पोटातच ठेवलेला खारघरचा पत्ताही त्याने नावासकट भरला: 'श्रुती, दर गुरुवारी दुपारी.'