ब्रूनोचं वजन

काट्याचा दांडा काही केल्या सरळ होईना. गनीभाईंनी दोन किलोचं आणखी एक वजन टाकलं, तेव्हा कुठे तो जागेवर आला.

"सत्तर," गनीभाई म्हणाले. "म्हैन्यामागं अडुसष्ट हुता. मच्छिंदरभाऊ, तुमचं कुत्रं उपाशी ऱ्हाऊन वाढतंय."

पोटाखाली गोणपाटाचा पट्टा घालून मच्छिंद्रनं ब्रूनोला काट्यावरून उतरवलं. कुत्र्याचे मागचे पाय लटपटले, एकमेकांत अडकले, मग कसेबसे उभे राहिले. वासराएवढा ग्रेट डेन तो. मच्छिंद्र नगरच्या कॅम्पात एका साहेबाकडे माळीकाम करायचा. पासष्टच्या लढाईवर जाताना साहेबानं विचारलं, "काय देऊ?" मच्छिंद्रनं सायकल सोडून पिल्लू मागितलं. गाव या हिशेबाला अजून हसतं.

आता ब्रूनोला आठवं लागलं होतं, म्हणजे त्याच्या जातीत आजोबा. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हाडं झिजलीत. महिन्यात पाच किलो उतरवा, पाय चालतील. उपाशी ठेवूनही वाढलं, तर पोटात पाणी किंवा गाठ. मग त्याचे हाल नकोत. मी सुई घेऊन येईन."

मच्छिंद्रनं महिनाभर सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी अर्धी, याच्या वर चतकोर दिली नव्हती. सोमवारी डॉक्टर यायचे होते. बांधावरच्या आंब्याखाली त्यानं जागाही बघून ठेवली होती, आणि बघितली म्हणून स्वतःला शिव्याही दिल्या होत्या.

गनीभाईंचा तेलाचा घाणा होता. काटा शेंगा तोलायचा, पण नजर सगळंच तोलायची. त्यांनी वाकून ब्रूनोचं तोंड हुंगलं. "तुमी रानात गेल्यावर हा काय करतो?"

"पडून असतो दारात. उठवतंय कुठं त्याला?"

"मग छातीवर तेलाचा ओघळ कशाचा? करडीचं हाय, माझ्याच घाण्याचं. आन् ओठाला तीळ चिकटलाय. आज शनवार. सोडा त्याला, आन् मागं मागं ऱ्हावा."

ब्रूनो निघाला, मागोमाग मच्छिंद्र आणि गनीभाई. चालला लंगडत, पण रस्ता चुकला नाही. पहिल्या उंबऱ्याशी केशरबाई वाटच बघत होती. तेल निथळणारी भाकरी तिनं त्याच्यापुढे ठेवली, वर काळे तीळ टाकले, आणि हात जोडले. ते कुत्र्याला नव्हते, शनिमहाराजांना होते. पुढे बन्सी. मग रंगुबाई. शिंगणापूर इथून दोन कोसांवर. साडेसाती असलेल्यानं काळ्या कुत्र्याला तेलाची भाकरी घालावी, हे इथं पाळण्यातलं पोरही सांगेल. गावातली बाकीची कुत्री तांबडी, कबरी, ठिपक्यांची. काळं तेवढं मच्छिंद्रचं. ज्यांचा शनी फारच जड, ते शनिवारची वाटही बघत नसत, रोज घालत.

अकरा उंबरे मोजून झाल्यावर मच्छिंद्र पारावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "गाठ न्हाई, पानी न्हाई, गनीभाई. ह्याच्या पोटात सगळ्या गावाचा शनी हाय."

"हाय खरा. पन काढनार कसा?"

हसू तिथंच थांबलं. त्यानं केशरबाईला विनवून पाहिलं. ती म्हणाली, "आमच्या विजयमालाचं लगीन जमंस्तवर दम धर."

"बांधून घालीन त्याला."

"घाल की. मी घरी यिऊन वाढीन. मला काय लांब हाय?"

दुसऱ्याच्या शनीची भाकरी अडवायची म्हणजे तो शनी आपल्या डोक्यावर घ्यायचा. अकरा घरांचा घ्यायला मच्छिंद्रकडे डोकं एकच होतं.

घरी येऊन त्यानं बायकोला, छबूबाईला, सगळं सांगितलं. "कुत्रं काळं हाय तंवर हे थांबत न्हाई. सोमवार टळला तरी पुढचा म्हैना टळत न्हाई."

छबूबाईनं पदराचं टोक पाण्यात बुडवलं, ब्रूनोचं थोबाड मांडीवर घेतलं आणि पुसायला लागली. पदर काळा झाला. खालून पांढरी हनुवटी निघाली, पांढरे गाल निघाले, डोळ्यांपर्यंत सगळं पांढरं.

मच्छिंद्र बघत राहिला. "हे कवाधरनं?"

"दिवाळीपास्नं. तव्याची काजळी लावते रोज, तुमी रानातनं यायच्या आत."

"कशापायी?"

"पयला पांढरा केस दिसला, तवा तुमी दोन दिस जेवला न्हवता."

तो केस मच्छिंद्रला आठवला. नंतर तो दिसला नाही, तेव्हा भासच झाला असं त्यानं स्वतःला पटवलं होतं. तो उठला आणि साबणाची वडी घेऊन आला. राहिलेली काजळी त्यानं स्वतःच्या हातानं धुतली.

सोमवारी डॉक्टरांनी ब्रूनोचं पोट चाचपलं, अकरा उंबऱ्यांची गोष्ट ऐकली, आणि सुई पेटीतून काढलीच नाही.

पुढच्या शनिवारी मच्छिंद्र ब्रूनोला मुद्दाम गल्लीतून घेऊन गेला. केशरबाई भाकरी घेऊन बाहेर आली. कुत्र्याच्या तोंडाकडे तिनं दोनदा बघितलं आणि हात मागे घेतला.

"म्हातारं झालं की रं तुझं कुत्रं, मच्छिंद्रा," ती म्हणाली. "आता ह्येचा काई उपेग न्हाई."

मच्छिंद्रनं भर गल्लीत वाकून तिच्या पायांना हात लावला.